धाकट्या जावेकडे विषय शोधायला

माझी धाकटी जाऊ लिहायला लागली हे कळलं तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही. आता दिवाळी अंक हातात आला की आधी अनुक्रमणिकेत तिचं नाव शोधते, आणि ते सापडलं की माझा दिवस खराब होतो.

स्पष्टच सांगते, मी जळते तिच्यावर. प्रवासवर्णनाची सुरुवात वाटेतल्या झाडाझुडपांनी करावी, मनातल्या किल्मिषानं करू नये, हे मीच माझ्या लेखन कार्यशाळेत शिकवते. पण मी झाडंझुडपं बघायला निघालेच नव्हते, तर उगाच कशाला खोटं बोलू?

पुण्यात दर शनिवारी माझ्या घरी दहा-बारा बायका लिहायला शिकायला येतात. 'विषय शोधायला लांब जावं लागत नाही, ते आपल्या अवतीभवतीच असतात,' हे माझं ठरलेलं वाक्य. सगळ्याजणी माना डोलावतात. आणि मला स्वतःला दोन वर्षांत एक विषय सुचलेला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वयंपाकघरात बसून बघितलं, बाल्कनीत बसून बघितलं, भाजीवाल्याशी मुद्दाम वाद घालून बघितला. काही नाही.

त्यात श्रावणात संपादकांचा फोन आला. ज्या दिवाळी अंकात मी कित्येक वर्षं लिहिते आहे आणि ज्यात गेल्या वर्षी मी नव्हते, त्या अंकाचे संपादक.

"ताई, यंदा पानं कमी आहेत. काही नवं असेल तर पितृपक्ष लागायच्या आत पाठवा. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." मग म्हणाले, "अंबडच्या सुनंदाबाई तुमच्या कोण? आडनाव एकच आहे म्हणून विचारलं. त्यांची कथा यायचीय अजून, पण जागा राखून ठेवलीय."

"जाऊ," मी म्हटलं.

"वा, म्हणजे घरातच खाण आहे की तुमच्या!"

'पुढच्या वर्षी बघू' याचा अर्थ काय होतो ते लिहिणाऱ्याला बरोबर कळतं. आणि न लिहिलेल्या कथेला राखीव जागा? मला कधी कुणी रुमाल टाकूनसुद्धा जागा धरली नव्हती. मी फोन ठेवला आणि ठरवलं की यंदा महालक्ष्म्यांना चांगलं आठवडाभर आधी अंबडला जायचं आणि ही बया विषय आणते कुठून ते बघून यायचं. पुण्यात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या सासरी महालक्ष्म्या. त्या बसतात दिराकडे, अंबडला. एरवी मी आदल्या दिवशी जाते आणि हात वाळायच्या आत परत फिरते.

"यंदा एकदम कुळधर्म आठवला?" आमच्या ह्यांनी विचारलं. मी बॅग भरत राहिले.

अंबड

जालन्याहून अंबडला यष्टीनं तासाभरात पोचतं माणूस. भाद्रपदातलं ऊन चांगलं चटका देत होतं. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, मध्येच मोसंबीच्या बागा, आणि गाव जवळ आलं की देवीची टेकडी. दीर न्यायला आले होते. ते तिथल्या कोर्टात कारकून आहेत. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून घरी आल्यावर एक शब्द बोलत नाहीत.

घरात शिरताना पहिली लागते ती सुनंदाची शिलाई मशीन. पुढच्या खोलीत, अगदी दाराच्या तोंडाशी. ती ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या म्हणजे अख्ख्या गल्लीला ब्लाऊज हवा असतो, आणि सगळ्यांना उद्याच हवा असतो.

"आल्या का, बाई? बसा बसा, एवढी बाही लावून घेते." आमच्या सासरी थोरल्या जावेला बाई म्हणतात. तिनं मान वर न करता पायडल मारलं. मी बॅग घेऊन उभी. मोठ्या लेखिकेचं हे स्वागत.

जेवायला येसराची आमटी होती. धान्य आणि मसाला भाजून, दळून ठेवलेलं पीठ असतं, त्याची पातळ, झणझणीत आमटी. आमच्या पुण्यात आमटीत गूळ पडतो आणि जिभेला विचारून तिखट घालतात. इथं विचारत नाहीत. नाकातोंडातून पाणी आलं, पण तीन वाट्या प्याले. भाकरी मात्र सुनंदा जाड थापते. हे मी वैरानं म्हणत नाही, जाड ती जाडच.

दुपारपासून बायका यायला लागल्या. एक आली, माप दिलं आणि बसली. दुसरी आली ती पहिलीला सरकवून बसली. काम झालं तरी कुणी उठेना. पुण्यात माझ्या शिंपिणीकडे वेळ घेऊन जावं लागतं आणि ती आपल्याशी टेपनंच बोलते. इथं बोलण्याचा नुसता पाट वाहत होता. सासू, सून, दवाखाना, कुणाच्या पोरीनं काय सांगितलं, कुणी कुणाच्या लग्नात काय नेसलं. मी दाराआडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अस्सं! हे आहे होय गुपित. आयतं ताटात पडतंय हिच्या. ह्यात कसली आलीय प्रतिभा? मशीन दारात ठेवायची आणि कान उघडे ठेवायचे.

मग मीही बाहेर जाऊन त्यांच्यात बसले. चेहरा अगदी साधा ठेवून. एकदम सगळ्या गप्प. जरा वेळानं एकजण म्हणाली, "अंदा पाऊस बराबर झाला न्हाई." दुसरी म्हणाली, "न्हाई ना." आणि मी तिथं असेपर्यंत पाऊस ह्याच विषयावर चर्चा झाली. मी आत गेले तशी सासू परत सुरू झाली.

अंबडचा बसस्टँड

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आपली आपण पद्धत वापरू. कार्यशाळेत मी एक अभ्यास देते: गर्दीच्या जागी तासभर बसा, कुणाशी बोलू नका, फक्त बघा. तशी जाऊन बसस्टँडवर बसले.

दहा मिनिटांत एक गृहस्थ समोर आले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं.

"कुठं जायचंय, मावशी?"

"कुठं नाही. बसलेय."

"बसल्या म्हंजी? गाडी हुकली का?"

"नाही हो."

ते गेले, आणि दुसरे दोघं घेऊन आले. तिघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. बाई म्हातारी, एकटी, सामान नाही, कुठं जायचं सांगत नाही. घरातून रागावून निघालेली दिसते, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर घनसावंगीची गाडी लागत होती. मी म्हटलं, "घनसावंगी."

झालं! टोपीवाल्यांनी धावत जाऊन खिडकीतून उपरणं टाकलं आणि सीट धरली. दुसऱ्यानं मला दंडाला धरून चढवलं. "बसा निवांत. आन् मावशी, घरच्याईचा राग एवढा धरू नये," असं तिसऱ्यानं खिडकीतून सांगितलं. गाडी सुटली. मघाशी म्हटलं ना, मला कुणी रुमाल टाकून जागा धरली नव्हती? धरली ती अशी. पुढच्या फाट्यावर उतरले आणि उलट्या गाडीची वाट बघत उन्हात उभी राहिले.

घरी येऊन हे सांगितलं तर सुनंदा मशीन थांबवून हसली. कापड तोंडावर घेऊन हसली. शेजारच्या दोघी बायका हसल्या, आणि गंमत म्हणजे त्यानंतर त्या माझ्यासमोर पाऊस सोडून दुसरं बोलायला लागल्या.

"बाई," डोळे पुसत सुनंदा म्हणाली, "ह्याच्यात गोष्ट हाये बरं का."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हात लावायचा नाही! ती माझी आहे!"

"तुमचीच हाये की. मी कुठं घेऊन राह्यले?"

तिला दिसली होती ना गोष्ट. मी त्या गाडीत बसले होते, उन्हात मी उभी होते, आणि गोष्ट दिसली हिला, मशीनवर बसून. दोन वर्षं कोरडी बसलेल्या बाईला ह्याचं काय वाटलं असेल ते कुणी लिहिणारा असेल त्याला विचारा.

केदारखेडा

सुनंदाची मावसबहीण कडूबाई केदारखेड्याला दिलेली आहे. तिचा ब्लाऊज द्यायला आणि 'एक दुसरं काम' करायला सुनंदा निघाली. मी म्हटलं, मीही येते. जालन्यात गाडी बदलून भोकरदनच्या रस्त्याला लागलो, नदीचा पूल ओलांडला आणि गाव आलं.

कडूबाईच्या रानात हिरव्या जाळीचा मोठा मांडव आहे. शेडनेट म्हणतात. आत मिरची, पण ती खायची नाही, बियाण्याची. एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा पराग हातानं लावायचा. त्यासाठी बायका चिमट्यानं एकेक कळी उघडून आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकतात. माना खाली, हात चालू, आणि ओळींच्या वरून बोलणं चालू. आतला उजेड हिरवागार, सगळ्यांचे चेहरे कैरीसारखे दिसत होते. आपण बाजारातून बियाण्याचं पाकीट आणतो तेव्हा त्यामागे इतक्या चिमटीत धरलेल्या कळ्या असतात हे मला माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कडूबाईच्या घरासमोर लिंबाखाली बसलो. कडूबाई माझ्याच वयाची, उंच, आवाज खणखणीत. बाजूला म्हैस बांधलेली. तेवढ्यात तिचा नवरा आला. त्यानं आमच्याकडे बघून हात जोडले आणि मग म्हशीकडे वळून म्हणाला, "पाव्हण्या आल्यात. च्या झाला का म्हनाव."

कडूबाई म्हशीलाच म्हणाली, "झालाय म्हनाव. वट्यावर ठिवलाय."

त्यानं ओट्यावरचा कप उचलला आणि निघून गेला. मी सुनंदाकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "दाजी आन् ही, लई वर्सं झाली, बोलत न्हाईत. म्हशीला सांगतेत."

आधी ब्लाऊजचं काम झालं. कडूबाई आत जाऊन घालून आली. "काखंत ओढतंय." सुनंदानं खडूनं खूण केली, तिथली शिवण उसवली, टाका घातला, परत घालायला लावला. हात वर कर, खाली कर. "आता?" "आता बराबर हाये."

मग सुनंदानं त्याच पिशवीतून पाठकोरे कागद काढले. "आता दुसरं ऐक."

ती वाचायला लागली तेव्हा मला कळलं की ही कडूबाईची गोष्ट आहे. संपादकांनी जागा राखून ठेवलेली तीच. नावं बदललेली, पण नवरा, बायको आणि मधली म्हैस सगळं तसंच. सुनंदा ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायला पाठवतच नाही. आणि तो काढ म्हणाला की काढते. हे तिनं मला नंतर सांगितलं, पण बघितलं मी आधी.

गोष्ट पुढे अशी होती. नवरा आजारी पडतो, त्याला जालन्याच्या दवाखान्यात ठेवतात. बायको शेजारी बसून असते. पण दवाखान्यात म्हैस नाही. बोलायचं कुणाजवळ? एक दिवस जातो, दुसरा जातो. शेवटी ती टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बघते आणि म्हणते, "ह्यांना म्हनाव, मरू नका."

एवढं चांगलं वाक्य! ते मी का नाही लिहिलं? मी कडूबाईकडे बघितलं. आता ही नक्की काढायला लावणार. इतकं आतलं कुणी छापू देईल का?

कडूबाईनं पदरानं नाक पुसलं. "हे ऱ्हाऊ दे."

"बघ बरं, आक्का," सुनंदा म्हणाली. "छापून आलं तं दाजी बी वाचतेन."

"वाचू दे ना. माह्या तोंडानं मी थोडीच म्हननारे त्यायला? छापलं तं कळंल." थोडी थांबून म्हणाली, "पर बोलणं कामून बंद झालं ते लिव्हलंस, ते काढ. बिलकुल काढ. त्ये आमच्या दोघाचं हाये."

आणि सुनंदानं पेन काढून अख्खा परिच्छेद खोडला. तिथंच, माझ्यादेखत.

मला राहवलं नाही. "अगं, वेडी का काय तू? कारणच काढलंस तर गोष्ट उभी कशी राहील? वाचणारा विचारणार नाही का, का बोलत नाहीत म्हणून?"

"इचारू द्या, बाई."

"संपादक विचारतील!"

"त्यायनी बी इचारू द्या." तिनं कागद पिशवीत ठेवले. कडूबाईनं आम्हाला धपाटे आणि दही वाढलं, आणि मी ते रागारागानं खाल्ले. धपाटे उत्कृष्ट होते.

ते कारण मी ऐकलं होतं, आजही मला माहीत आहे. इथं सांगणार नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "आणि एखादीनं सगळंच काढ म्हटलं तर?"

"मंग सगळंच काढायचं. झालंय ना तसं दोन-तीनदा."

"मग त्या गोष्टी आहेत कुठं?"

"ज्यायच्या होत्या त्यायच्याकडं."

"चांगल्या होत्या?"

"लई चांगल्या होत्या, बाई," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत शेंगा सोलायला लागली. म्हणजे जे छापून आलं त्यावर मी इतकी वर्षं जळत होते, आणि त्याहून चांगलं हिनं कुठं कुठं वाटून टाकलं होतं. आता न छापलेल्यावरही जळायचं! माणसानं करायचं तरी किती?

दुसऱ्या सकाळी, खोटं कशाला सांगू, मी कडूबाईचं ते कारण घेऊन लिहायला बसले. गाव बदललं, म्हशीची गाय केली. पानभर झालं. वाचलं तर अगदी मढं. मला ती माणसं कुठं ठाऊक होती? मला फक्त त्यांचं भांडण ठाऊक होतं. पान फाडून चुलीत घातलं, आणि पितृपक्ष आणखी एक दिवस जवळ आला.

तीर्थपुरी

तीर्थपुरी सुनंदाचं माहेर. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, फळं आणि बांगड्या तिथल्या बाजारातून आणायच्या असतात, ही तिची जुनी रीत. बाजार भरलेला होता. पडवळ, दोडकी, भोपळे, अळूची पानं, झेंडूचे ढीग. पुण्यात आम्ही 'गौरीच्या सोळा भाज्यांचं पाकीट' विकत घेतो, चिरलेल्या, पारदर्शक पिशवीत. इथं सुनंदा प्रत्येक भाजीसाठी वेगळ्या बाईकडे जात होती आणि प्रत्येकीशी भांडत होती. भांडून झाल्यावर दोघी एकमेकींच्या पोरांची चौकशी करत होत्या.

बांगड्या भरायला रेहानाबीकडे बसलो. "आओ बाजी," म्हणत तिनं आधी सुनंदाचा हात घेतला. चर्र चर्र करत डझनभर बांगड्या चढल्या. मग माझा हात धरला आणि दाबून बघितला.

"अम्मा, हाथ ढीला छोडो. इत्ती अकड काय कू रखते?"

सुनंदाला बाजी आणि मला अम्मा! दोघींच्या वयात सहा वर्षांचं अंतर, तेवढ्यात ती बहीण आणि मी आई? मी हात आणखी ताठ केला. दोन बांगड्या फुटल्या. "अपशकुन न्हाई हां, अम्मा का हाथ ज़िद्दी है बस्," रेहानाबी म्हणाली, आणि ह्यावर सुनंदा इतकी हसली की मलाही हसू आलं.

बाजार झाल्यावर तिच्या भावाच्या मोसंबीच्या बागेत गेलो. झाडं हिरव्या फळांनी लगडलेली, खाली दाट सावली. तिच्या भावजयीनं परडीभर मोसंब्या दिल्या आणि आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. आठवडाभर जे विचारावंसं वाटत होतं ते मी तिथं विचारलं. विषय कुठून आणतेस, हे नाही. ते मला दिसलं होतं. मी विचारलं, "सुनंदा, तू लिहायला का लागलीस गं?"

ती बराच वेळ मोसंबी सोलत राहिली. मग तिनं सांगितलं.

ते इथं नाही. मी ते लिहिलं होतं, चांगलं दीड पान. आता त्याच्या जागी एवढंच आहे, आणि का, ते पुढे येईल. ऐकून झाल्यावर आम्ही दोघींनी सगळी परडी संपवली.

महालक्ष्म्या

महालक्ष्म्याही दोघी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचे ब्लाऊज सुनंदानंच शिवलेले. ज्येष्ठेचा मुखवटा थोरल्या जावेनं बसवायचा, म्हणून मी बसवला. कनिष्ठेचा तिनं. लांब जाऊन बघितलं, तर कनिष्ठेचा ब्लाऊज अंगावर जास्त बेतशीर बसला होता. मी काही बोलले नाही. सणावाराला घरात भांडण नको.

जेवायला पुरणपोळी, आंबील, कटाची आमटी आणि सोळा भाज्यांची एक भाजी. दीर पंगतीत वाढता वाढता पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "वहिनी, ऱ्हावा अजून चार दिस. हिला बरं वाटून राह्यलंय तुम्ही आल्यापासून." मी त्यांच्या हातून आणखी एक पोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली.

पुणे

घरी आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले. कार्यशाळेच्या बायकांना सुट्टी दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा पेन थांबेना. जळणं लिहिलं, जाड भाकरी लिहिली, बसस्टँड लिहिला. कडूबाईचं विचारायला सुनंदामार्फत फोन केला, तर निरोप आला, 'म्हशीचं बी घ्या म्हनाव, बाटलीचं बी घ्या, कारन तेवढं सोडा.' आणि तीर्थपुरीच्या त्या दुपारशी आले तेव्हा जे उतरलं, ते मी आजवर लिहिलेल्यात सगळ्यात चांगलं होतं. हे लिहिणाऱ्याला कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

मग मी सुनंदाला फोन लावला. तिची ती वाचून दाखवायची पद्धत मला पटली होती म्हणून नव्हे. तिनं ऐकावं आणि एकदा तरी जळावं म्हणून.

"पूर्ण वाचते. मधे बोलू नकोस."

"वाचा की."

मी वाचलं. 'मी जळते तिच्यावर' वाचताना जरा घसा साफ केला. ती खो-खो हसली. "मला काय ठाव न्हाई का ते, बाई? ऱ्हाऊ द्या." जाड भाकरी आली. "अंहं, जाडच करते मी. ऱ्हाऊ द्या." चुलीत घातलेलं पान आलं तेव्हा ती जरा थांबली. "ते बी ऱ्हाऊ द्या," म्हणाली. अम्मावर परत हसली. मग तीर्थपुरीची बाग आली, विहीर आली, मोसंबी आली, आणि तिनं सांगितलेलं आलं. तिकडून काही ऐकूच येईना. मशीनचा आवाजसुद्धा नाही.

"आहेस ना?"

"हाये."

"मग?"

"काढा."

मी चिडले. मी काय काय बोलले! हाच तर जीव आहे त्या लेखाचा. हे काढलं तर उरतं काय, एका कुजक्या बाईची आठवडाभराची कुरकुर? संपादक घेणार नाहीत. परवा पितृपक्ष लागतोय. तुझं काय जातंय, तुझी जागा राखीव आहे, माझी ही शेवटची संधी आहे. नाव बदलते. गाव बदलते. अगं, एवढं एकच तर चांगलं लिहिलंय मी!

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"लई चांगलं लिव्हलंत, बाई," ती म्हणाली. "माह्यं असून मला एवढं चांगलं जमलं नसतं. काढा."

इतकी वर्षं जे तिच्या तोंडून ऐकायला मी तळमळत होते ते असं मिळालं. मी फोन आपटला. लेख तसाच पाठवून द्यावा, असं संध्याकाळपर्यंत मनात होतं. कोण बघतंय? अंबडला तो अंक येईपर्यंत दिवाळी उजाडेल. मग कडूबाईसमोर पेन काढणारी सुनंदा आठवली, आणि तिचाही राग आला, आणि सकाळी उठून मी ते दीड पान काढलं. मध्ये भोक पडलं ते पडलं. बुजवायला जे काही लिहून बघितलं ते सगळं खोटं वाटलं, म्हणून तसंच ठेवलं. तुम्ही हे वाचत असाल तर संपादकांनी भोकासकट घेतलं असं समजा.

पाकिटावर पत्ता घालत होते तेव्हा तिचा फोन आला.

"काढलं का, बाई?"

"काढलं."

"फाडलं?"

"फाडलं." माझा आवाज चांगलाच तुटक होता.

तिकडे मशीन बंद होती. दुपारची वेळ, बायका अजून यायच्या होत्या.

"आता घरात कोन्ही न्हाई," सुनंदा म्हणाली. "ते तीर्थपुरीचं… परत एक बार ऐकवता का?"

"कागद नाही गं आता."

"तोंडानं सांगा ना."

मी दार लावून घेतलं, खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. मला शब्दन् शब्द पाठ होता.